दोरीवरची सही

लेक फोनवर आधी रडली आणि मग बोलली, म्हणून काकूंना वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

"कोण गं? कोणाला काय झालं?"

"कोणाला काही नाही, आई. तुझं खातं गोठलं. फी भरायला गेले तर पैसे निघेनात."

"गोठलं म्हणजे?"

"म्हणजे पैसे आत आहेत, पण आपल्याला मिळणार नाहीत."

जेवणाची सुट्टी होती. काकू धुलाईखान्याच्या मागच्या जिन्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घास हातातच राहिला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले, जणू आतलं अन्नही कोणी गोठवणार होतं.

त्यांना सगळ्या बायका कडककाकू म्हणायच्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी त्या इस्त्रीच्या मोठ्या रुळातून काढायच्या, त्या कागदासारख्या कडक निघायच्या, म्हणून. बाकी काकूंमध्ये कडक असं काही नव्हतं. मुकादम नुसता खाकरला तरी त्यांच्या हातातलं चादरीचं टोक सुटायचं. परक्या देशात येऊन इतकी वर्षं झाली, पण रस्ता ओलांडताना अजून त्या कोणाचा तरी पदर नाहीतर बाही धरायच्या.

पगार त्यांच्या हातात पडत नव्हता. करारातच तसं होतं. इथे खर्चापुरते चार पैसे मिळायचे, बाकीचे थेट घरच्या बँकेत, काकूंच्या नावावर. त्या पैशांवर लेक नर्सिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली होती. फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नव्हते.

"पण का गोठवलं? मी काय केलं?"

"केवायसीचा फॉर्म भरून पाठवलास ना मागे? त्यावरची सही जुळत नाही म्हणे."

"अगं, मीच केली ती! माझ्या हातानं!"

"ते मला माहितीय, आई. बँकेला माहीत नाही."

*

बँकेचा फोन लागायला काकूंच्या तीन जेवणाच्या सुट्ट्या गेल्या. आधी गाणं वाजायचं, मग एक बाई सांगायची की आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, मग पुन्हा गाणं. महिन्याच्या महिन्याला पैसे आत घेताना या बँकेनं कधी गाणं वाजवलं नव्हतं. बाई, तू कोण, असंही विचारलं नव्हतं. गपगुमान गिळले होते. बाहेर काढायची वेळ आली तेव्हा तिला ओळख हवी होती.

शेवटी एका तरुण पोरीचा आवाज आला. "मॅडम, सिस्टिममध्ये जी सही आहे, तिच्याशी तुमची ही सही जुळत नाही."

"ती जुनी आहे, बाळा. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. आता येतं. आता मी नीट करते सही."

पलीकडे बटणं खडखडली. मग, "मॅडम, आम्हाला तुमचं शिक्षण नकोय. सही हवीय."

"मग नवी घ्या की लावून."

"त्यासाठी शाखेत स्वतः यावं लागेल."

"मी परदेशात आहे हो. सुट्टी नाही मला."

"मग जुनी सही करून पाठवा. तिथल्या आपल्या वकिलातीत जायचं, मूळ पासपोर्ट समोर ठेवायचा, त्यांच्यासमोर सही करायची, शिक्का घ्यायचा. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर संशयित खातं म्हणून केस वर जाईल. मग माझ्या हातात काही नाही. सही जुळली पाहिजे, बस. मी आपली आणखी काय मदत करू शकते?"

संशयित. काकूंनी आयुष्यात कोणाची काडी उचलली नव्हती. जिन्याच्या कठड्याला धरून त्या उठल्या.

*

जुनी सही नवऱ्यानं शिकवलेली. तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, निवडणूक आली की भिंतींच्या. खातं उघडायचं ठरलं तेव्हा म्हणाला, अंगठा नाही लावायचा, माझ्या बायकोची सही असेल. एका संध्याकाळी बसून त्यानं ती काकूंकडून गिरवून घेतली. काकूंना अक्षर एक कळत नव्हतं. चित्र काढावं तशी त्यांनी ती पाठ केली. बँकेत केली, पुढे पासपोर्टावर केली. पुढच्याच वर्षी नवरा परांचीवरून पडून गेला. ज्याची पाटी रंगवत होता, त्या शेठनं सांडलेल्या रंगाची किंमत कापून उरलेली मजुरी आणून दिली होती. अशी माणसं रात्री छान झोपतात.

इथे आल्यावर खोलीत शेजारच्या पलंगावर मास्तरीण भेटली. घरी असताना ती बालवाडीत शिकवायची. तिथे पगार मिळेना म्हणून इथे टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिला काकूंची ती सही बघवली नाही.

"अगं काकू, ही सही आहे की मुंग्यांची रांग?"

मग दर सुट्टीच्या दिवशी मास्तरीण शिकवायची आणि काकू गिरवायच्या. अक्षरं आली, जोडाक्षरं आली, वाचनही आलं. आणि सही अशी झोकदार आली की काकू ती साबणाच्या खोक्यांवर, डब्यावर, वाफ धरलेल्या काचेवर करत सुटल्या. लेकीला फोटो पाठवला तेव्हा लेक म्हणाली होती, आई, तुझी सही तर आमच्या प्रिन्सिपॉलसारखी दिसते. काकू दिवसभर हसत होत्या.

त्याच सहीनं आता गळा धरला होता.

लेकीनं पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. जुनी सही त्यावर होती. काकूंनी ती बघून बघून काढली. पुन्हा काढली. मास्तरणीनं चष्मा पुसून दोन्ही शेजारी धरल्या आणि तोंड वाकडं केलं.

"नाही गं. नक्कल केल्यासारखी वाटतेय."

"माझीच नक्कल मी कशी करीन?"

"ते तू बँकेला विचार. यात अक्षरं कशी लोंबतायत बघ. तुझी सरळ उभी राहतायत. चांगलं वळण लागलंय ना हाताला, ते जाईना आता."

"डाव्या हातानं करू?"

डाव्या हातानं भलतंच झालं. डोळे मिटून केली तर अक्षरं एकमेकांवर चढली. हात मुद्दाम थरथरवला तर सही घाबरलेली दिसायची, पण जुनी दिसायची नाही. काकू पेन्सिल टाकून भिंतीकडे तोंड करून पडल्या. शिकले नसते तर बरं झालं असतं, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. बाईला असं वाटायला लावणाऱ्या कचेरीला आग का लागत नाही, हे मला कळत नाही.

*

दुसरी अडचण लोखंडी कपाटात होती. सगळ्यांचे पासपोर्ट मुकादमाकडे. "हरवू नयेत म्हणून ठेवलेत, ताई. तुमच्याच भल्यासाठी." किल्ली त्याच्या कमरेला. भलं करायचं झालं की तो ती बोटात फिरवायचा.

काकू त्याच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या.

"बोल, ताई. काय हवंय?"

"पासपोर्ट हवा होता. एका दिवसासाठी. वकिलातीत जायचंय, बँकेचं काम आहे."

"अरे बाप रे, बँक!" मुकादम हसला. "देतो की. माझा ड्रायव्हर नेईल, आणील. तू आपली माणूस." त्यानं टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "पासपोर्ट बाहेर जातोय याची नोंद. इथे खाली सही कर, बास. वाचायचं काही नाही त्यात."

काकूंना वाचता येत नाही, यावर त्याचा पक्का भरवसा होता. काकूंनी पंख्याकडे बघितल्यासारखं केलं आणि हळूच नजर कागदावर उतरवली. कागद आपल्याच भाषेत होता. कायद्यानं तशी प्रत द्यावी लागते. पासपोर्टाचं नाव कुठेच नव्हतं. करार संपल्यावर पुढे आणखी दोन वर्षं, त्याच पगारावर, मधे सोडल्यास दंड, असं सगळं होतं. मी राजीखुशीनं, असंही होतं.

काकूंच्या कानात भोंगा वाजायला लागला. दोन वर्षं. करार संपायला थोडेच महिने राहिले होते. तोवर लेकीची परीक्षा व्हायची, आणि काकूंनी घरी जायचं, असं दोघींनी कधीचं ठरवलं होतं.

"उद्या परवा करते," त्या कशाबशा म्हणाल्या. "हात भाजलाय आज."

"कर ना सावकाश. सही झाली की पासपोर्ट. तुला घाई, मला नाही."

खोलीत येऊन काकूंनी मास्तरणीला सांगितलं, तेव्हा मास्तरीण पलंगावर उठूनच बसली.

"नरकात जाईल मेला! करू नकोस सही."

"मग पासपोर्ट?"

मास्तरणीनं उशी आपटली. तिचाही पासपोर्ट त्याच कपाटात होता.

"आणि समज दिला त्यानं पासपोर्ट," काकू म्हणाल्या, "तरी तिथे करू काय? बँकेची सही मला येतच नाही. म्हणजे दोन वर्षंही जायची आणि फीही नाही." त्यांचे दात वाजत होते. खोलीत तर उकाडा होता.

*

सुट्टीच्या दिवशी सकाळी गच्चीवर बोंबाबोंब. कपडे वाळत घालायची तार मधोमध तुटली होती आणि चार बायका ओल्या बादल्या घेऊन एकमेकींवर ओरडत होत्या. काकूंचं लक्षच नव्हतं. त्यांनी बादलीतून आपला परकर उचलला, झटकला आणि जिथे तार असायची तिथे हवेत धरून उभ्या राहिल्या.

"ए काकू!" मास्तरीण ओरडली. "भूत शिरलं काय अंगात? आधी दोरी तर बांधू दे! कपडे काय हवेत टांगतेस?"

बायका खो खो हसल्या. काकू हसल्या नाहीत. परकराचं पाणी पायांवर टपटपत होतं.

आधी दोरी.

नवरा असंच म्हणायचा. पाटी रंगवायला घेतली की आधी सुतळीला खडू चोळायचा, दोन टोकांना ताणून धरायचा, मधे बोटानं उचलून सोडायचा. टप्! पाटीवर पांढरी रेघ उमटायची. मग त्या रेघेखाली एकेक अक्षर. सहीही त्यानं काकूंना तशीच शिकवली होती, कारण त्याला दुसऱ्या रीतीनं लिहिताच यायचं नाही. "आधी दोरी बांध. आता एकेक कपडा वाळत घाल. हा पहिला. हा दुसरा. बघ, झाली सही!" अक्षर न कळणाऱ्या काकूंना कपडे मात्र कळले होते.

मास्तरणीनं नंतर ते मोडून काढलं होतं. "उलटं का लिहितेस? अक्षरं आधी. शिरोरेघ शेवटी." तिचं बरोबरच होतं. सगळं जग तसंच लिहितं.

काकूंनी परकर बादलीत टाकला, ओले हात पोलक्याला पुसले, कोणाच्या तरी चिमट्यांच्या पुठ्ठ्याचा तुकडा घेतला, पोलक्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि गच्चीच्या कठड्याशी उकिडव्या बसल्या. आधी रेघ. डावीकडून उजवीकडे, नुसती मोकळी रेघ. तिच्याखाली पहिलं अक्षर. दुसरं. रेघेपर्यंत नीट न पोचणारं, मधे फट ठेवणारं. तिसरं जरा घसरलेलं, एकाच चिमट्यावर लावलेल्या परकरासारखं.

मास्तरणीनं मोबाइलवरचा फोटो शेजारी धरला.

"मुंग्यांची रांग," ती म्हणाली आणि नाक पुसलं. "हुबेहूब तीच."

काकूंना हसू आलं आणि लगेच विरलं. कारण आता खाली जाऊन मुकादमासमोर उभं राहायचं होतं.

*

"भाजलेला हात बरा झाला वाटतं," मुकादम म्हणाला. त्यानं काकूंचा पासपोर्ट काढून टेबलावर आपल्या बाजूला ठेवला, त्यावर तळहात ठेवला आणि कागद पुढे सरकवला. "लवकर, ताई. गाडी उभी आहे."

काकूंनी पेन धरलं. करू नकोस, मास्तरीण म्हणाली होती. मग बँकेतल्या त्या पोरीचा आवाज आठवला. सही जुळली पाहिजे, बस.

एक सही बँकेला नको होती. तीच काकूंनी मुकादमाला दिली. अक्षरं आधी, सुरेख वळणाची, आणि शेवटी झोकात शिरोरेघ.

"वा!" मुकादमानं कागद उचलला. "सही तर झकास करतेस की!"

काकूंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता तो पासपोर्ट उघडणार. शेजारी धरणार. ओरडणार. पण त्यानं पासपोर्ट न उघडताच दाराशी आलेल्या ड्रायव्हरच्या अंगावर टाकला. "काम झालं की परत माझ्याकडे. बाईच्या हातात द्यायचा नाही." कागद कपाटात गेला. किल्ली फिरल्याचा आवाज काकूंना पाठीतून ऐकू आला.

वकिलातीत खिडकीपुढे रांग होती. ड्रायव्हर पासपोर्ट मुठीत धरून शेजारीच उभा. दोरीनं बांधलेलं पेन, मागे माणसांचा लोंढा, आत चष्म्यावरून बघणारे साहेब.

"करा सही. माझ्यासमोर."

सवयीनं काकूंचा हात पहिल्या अक्षराकडे निघाला. त्यांनी तो हवेतच थांबवला.

"काय झालं? सही येत नाही का?"

"येते, साहेब. येते."

आधी दोरी. मग एकेक कपडा. तिसरा घसरला. साहेबांनी पासपोर्ट उघडला, सहीवर बोट ठेवलं, फॉर्मवर बोट ठेवलं, पुन्हा पासपोर्टावर. काकूंनी श्वास धरून ठेवला. मागचा कोणीतरी म्हणाला, आवरा की लवकर. साहेबांनी शिक्का उचलला आणि आणखी एकदा बघितलं.

शिक्का पडला तेव्हा काकू दचकल्या.

"याची एक प्रत मला मिळेल, साहेब?" त्यांनी विचारलं. एवढं लांबलचक वाक्य आपण साहेबाशी बोललो, याचीच त्यांना भीती वाटली.

*

फॉर्म बँकेत पोचला आणि गोठलेलं खातं मोकळं झालं. लेकीची फी गेली, परीक्षा झाली. पण काकूंची झोप उडाली ती उडालीच. कपाटातला तो कागद त्यांना चादरींवर दिसायचा. आपण केलं ते चालेल का? का तुरुंगात जाऊ? मास्तरणीला विचारलं तर ती म्हणायची, "मला काय विचारतेस, मी बालवाडीपुरती शहाणी."

करार संपला त्या दिवशी काकू दुपारीच मुकादमाच्या दारात गेल्या. मागे मास्तरीण, तिच्या मागे घडीखात्यातल्या आणखी काही बायका. आम्ही नुसत्याच उभ्या राहणार, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

"पासपोर्ट द्या, साहेब. घरी जाते."

"घरी?" मुकादमानं कपाट उघडलं. आज त्याला मजा येत होती. "दोन वर्षांनी जा. हे काय लिहून दिलंयस बघ. अरे हो, तुला वाचता कुठे येतं!"

"येतं," काकू म्हणाल्या. "त्यावरची सही माझी नाही."

"काय?"

"पासपोर्ट काढा आणि जुळवून बघा."

त्यानं काढला. उघडला. कागद शेजारी धरला. काकूंना त्याचे डोळे इकडून तिकडे जाताना दिसले. एकीकडे लोंबणारी अक्षरं, दुसरीकडे प्रिन्सिपॉलसारखी झोकदार सही.

"माझ्यासमोर केलीस तू! याच टेबलावर!"

"सही जुळत नाही, साहेब." काकूंचा आवाज बँकेतल्या पोरीसारखा सपाट आला. "वकिलातीत माझी सही आहे, शिक्का मारलेली. ही बघा प्रत. पाहिजे तर तुमचा कागद घेऊन तिथे जाऊ. मीही येते. कशाचा कागद म्हणून माझी सही मागितलीत, तेही सांगते."

मुकादम दाराकडे बघायला लागला. दारात बायकाच बायका होत्या आणि एकही खाकरली नाही. त्याच्या मानेवरची शीर उडत होती. तो टेबलाला वळसा घालून आला असता तर काकू तिथेच कोसळल्या असत्या, हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं पासपोर्ट टेबलावर आपटला आणि वही पुढे फेकली. "घे. आणि मिळाल्याची सही कर. तुझी. खरी."

काकूंनी आधी डाव्या हातानं पासपोर्ट उचलला, पोलक्यात खोचला. मग पेन घेतलं आणि वहीत आधी दोरी बांधली.